अव्वाच्या टॉवेलवरचा स्कॅनर

फोन उचलल्या उचलल्या पलीकडची बाई माझ्यावर तुटून पडली.

"लाज वाटती का न्हाय तुमाला? सोताच्या आईला टेसनात भीक मागाय बशीवलंय व्हय?"

सकाळपासून चार तास मी आईला शोधत होते. त्यामुळे त्या वाक्यातला 'आई' हा एकच शब्द आधी माझ्यापर्यंत पोचला. मी किंचाळलेच, "कुठंय ती? कुठंय?"

"होटगीला. अन् आता लई काळजी दावू नगा."

मग मागून 'भीक' हा शब्द पोचला. जुळे सोलापुरातल्या एका मेडिकल दुकानासमोर मी स्कूटीवर, एक पाय जमिनीला टेकवून उभी होते. तशीच उभी राहिले. मागे एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तो मला ऐकू येत होता, पण तो माझ्यासाठी आहे हे काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं.

माझी आई, आमची अव्वा, आणि भीक! शेजारणीनं वाटीभर आमटी दिली तर ती वाटी अव्वानं कधी रिकामी परत केली नाही. घरात काही नसेल तर चार शेंगा तरी घालायची. लग्नकार्यात कुणी हातात पाकीट दिलं तर अव्वा असा हात मागे घ्यायची, जणू चटका बसला. अशा बाईला लोकांनी भिकारीण समजावं, याची सगळी तयारी मी स्वतः केली होती. दोन महिने खपून, जीव ओतून केली होती. हे मी आज लिहिते आहे तरी ते खरं वाटत नाही.

माझा धंदा डिझाइनचा. टॉवेल आणि चादरींच्या नक्षी काढून द्यायच्या. पूर्वी ग्राफपेपरवर एकेक चौकोन रंगवायचो, आता तेच कॉम्प्युटरवर. तीस वर्षं चौकोन भरण्यात गेली. त्यामुळे क्यूआर कोड पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्यात नवल काहीच वाटलं नाही. एक काळा, एक पांढरा. एक धागा वर, एक धागा खाली. हे तर आमचंच काम, कुणीतरी आमच्याकडून उचललंय, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवत सुटले होते.

नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, मी आणि अव्वा. दोन वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी फोडणीत मोहरी राहायची, मग गॅस चालू राहायचा, मग माणसं ओळखायची राहायला लागली. मराठी हळूहळू तिच्यातून निघून चालली आणि माहेरची कानडी तेवढी उरली. एके दिवशी ती घरातून निघाली आणि शुक्रवार पेठेत, आमच्या जुन्या गल्लीत जाऊन बसली. तिथल्या लोकांनी ओळखलं, चहा पाजला, मला फोन केला. दुसऱ्यांदाही तेच. डॉक्टर म्हणाले, दर वेळी ओळखीचीच गल्ली सापडेल असं नाही, तिच्या अंगावर नाव आणि फोन नंबर कायम असू द्या.

सांगायला सोपं. गळ्यात कार्ड घालायला गेले तर अव्वानं माझा हात धरला. आम्ही लिंगायत; तिच्या गळ्यात इष्टलिंग आहे, लहानपणी दीक्षा मिळाल्यापासूनचं, आणि त्याच्या शेजारी दुसरं काही लटकवायचं म्हणजे तिच्या मते मर्यादा सुटली. स्वतःचं नाव विसरेल, पण हे विसरली नाही. कार्ड तिनं काढून दाराच्या खिळ्याला अडकवलं. मनगटावरचा पट्टा अडकित्त्यानं कातरला. पर्स तर ती कुठेही ठेवून यायची. फक्त एक वस्तू तिच्या हातातून कधी सुटली नव्हती, ती म्हणजे टॉवेल. तोंड पुसायला, ऊन लागलं तर डोक्यावर घ्यायला, आणि कुठेही बसली की मांडीवर पसरायला.

म्हटलं, मग टॉवेलमध्येच विणू.

आता खरं सांगायचं तर साधी गोष्ट होती. टॉवेलवर मोठ्या अक्षरात नंबर टाकायचा आणि मोकळं व्हायचं. पण मला ते नको होतं. मला लाज वाटत होती. आमच्या बिल्डिंगमध्ये अव्वाचं नेमकं काय झालंय हे मी कुणालाही धड सांगितलं नव्हतं. 'वय झालंय' एवढंच म्हणायचे. पाटी लावल्यासारखं तिच्या अंगावर 'हिला आठवत नाही' असं लिहून तिला लिफ्टमध्ये उभी करायची? त्यापेक्षा क्यूआर कोड सभ्य वाटला. ज्याला गरज आहे तो स्कॅन करेल, बाकीच्यांना नक्षी दिसेल. लाज राहील आणि काम होईल, असा माझा हिशेब.

मी ज्यांना डिझाइनं देते त्या कारखान्याचे मालक तेलुगू घरातले, जन्म मागाच्या खडखडाटात गेलेला माणूस. त्यांनी कागदावरचा चौकोन बघितला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "मॅडम, बाजूला दोन अक्षरं टाका की. कशाचा हाय ते कळाया नको का मानसाला?"

"स्कॅन केलं की कळेल."

"सत्काराच्या टॉवेलवर पुढाऱ्याचं नाव हे एवढं टाकतो आपन. आईचं टाकाया काय झालं?"

"माझी आई पुढारी नाही," मी म्हणाले. मालकांनी कागद सरळ करून मशीनवाल्याकडे धाडला. माझ्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही हे त्यांना वीस वर्षांत कळलेलं आहे.

काम मात्र मी चोख केलं. हे सांगताना आजही थोडी फुशारकी येते, येऊ द्या. कोडमध्ये जेवढं जास्त कोंबाल तेवढे चौकोन बारीक होतात आणि बारीक चौकोन विणीत विरघळतात. म्हणून सगळी माहिती एका छोट्या पानावर ठेवली आणि कोडमध्ये फक्त त्या पानाचा पत्ता घातला. पानावर अव्वाचा फोटो, माझा नंबर, खाली तिच्या आजाराबद्दल चार ओळी. टर्किश टॉवेलचे फुगीर टाके कडा खातात, म्हणून सपाट वीण घेतली. रंग पांढऱ्यावर गडद लाल. उलटं केलं असतं, गडदवर पांढरं, तर बरेच फोन अडखळतात. कोपरा मळला, फाटला तरी वाचता यावा एवढी सोय कोडमध्येच ठेवता येते, तीही ठेवली.

पहिला नग मशीनवरून उतरला आणि कुठल्याच फोनवर उघडेना. मी तासभर डोकं फोडलं. मग लक्षात आलं. कोडभोवती पांढरी पट्टी रिकामी सोडावी लागते, नाहीतर कोड कुठे सुरू होतो हे फोनला समजत नाही. मशीनवाल्या कारागिरानं त्या पट्टीत सुंदर बारीक काठ भरला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मोकळं दिसत होतं, मॅडम. बरं न्हाय दिसत." सोलापुरात रिकामी जागा दिसली की कुणाचा तरी हात शिवशिवणारच. मी काठ काढायला लावला. दुसरा नग झटक्यात उघडला. पाच वेळा धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून पुन्हा बघितला, तरी उघडला. डझनाशिवाय मशीन लावणं परवडत नाही, म्हणून बारा टॉवेल विणून घेतले.

आणि कोड टाकला कुठे? बरोबर मधोमध. अव्वा बसली की टॉवेल मांडीवर पसरते, ही तिची सवय मी हेरली होती. पसरला की चौकोन सरळ समोरच्याच्या डोळ्यात जाणार. केवढी हुशार मी!

भाजीवालीनं एकदा विचारलंही होतं, "आजीच्या टावेलवर स्कॅनर कशापायी?" आपल्याकडे त्या चौकोनाला सगळे स्कॅनरच म्हणतात. दुकानात, रिक्षात, देवळात, 'स्कॅनर हाय का' एवढाच प्रश्न असतो आणि त्याचा अर्थही एकच असतो. मी हसले आणि कोथिंबीर घेऊन वर आले. त्या बाईनं मला सगळं सांगितलं होतं, आणि मी हसले.

त्या दिवशी अव्वाला सांभाळणारी बाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि तेवढ्यात अव्वा निघाली. दहा वाजले असतील. मी आधी कॉलनी पालथी घातली, मग शुक्रवार पेठेतली गल्ली, मग सिद्धरामेश्वराचं देऊळ. भीती होती, पण आत कुठेतरी मी निवांत होते, हे कबूल करायला हवं. टॉवेल तिच्या हातात होता. कुणीतरी बघेल, स्कॅन करेल, फोन वाजेल. मी दर दोन मिनिटांनी फोन बघत होते. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजत आले. एवढ्या मोठ्या शहरात एका माणसानंही स्कॅन करू नये? मी लोकांवर चिडले. माणुसकी राहिली नाही वगैरे जे काही बोलतात ते सगळं मनात बोलून घेतलं.

मग तो फोन आला.

होटगीपर्यंत स्कूटी कशी नेली ते मला आठवत नाही. होटगीच का, हे मात्र वाटेतच उमगलं. अव्वाचं माहेर विजापूरकडचं आणि माहेरची गाडी होटगीवरूनच जाते. कोपऱ्यावरच्या शेअर रिक्षात बसली असणार. भाडं कुणी दिलं ते आजवर कळलेलं नाही.

फोन करणारी बाई स्टेशनाच्या दारातच उभी होती. पेरूची पाटी शेजारी, कमरेवर हात. पन्नाशीची असेल. मला बघून तिनं आधी पायापासून डोक्यापर्यंत माप घेतलं.

"तुमीच व्हय? चांगल्या घरच्या दिसताय की."

मी एका दमात सगळं सांगितलं. आजार, विसरणं, टॉवेल, कोड. सांगता सांगता तिचा चेहरा उतरत गेला. कमरेवरचे हात खाली आले.

"आगं बाई," ती म्हणाली. "आमाला काय ठावं?"

मग तिनं जे सांगितलं ते मी उभ्या उभ्या ऐकलं. अव्वा अकरापासून बाकावर बसली होती. मांडीवर टॉवेल पसरलेला, टॉवेलवर स्कॅनर. गाडी यायची, माणसं उतरायची, बघायची. आधी एक जण थांबला. पैशाचं ॲप उघडलं, स्कॅन केलं. ॲपनं सांगितलं, हा कोड चालत नाही. त्यानं पुन्हा केलं, पुन्हा तेच. "म्हातारीचं स्कॅनर बिघडलंय" म्हणत त्यानं खिशातून नाणं काढून टॉवेलवर टाकलं. मग दुसरा. मग दोन कॉलेजच्या मुली. त्यांनीही आधी स्कॅन केलं, मग पर्स उघडली.

"किती जणांनी?" मी विचारलं.

"मोजाय कोन बसलंय? लई जनांनी. दर गाडीला धा-पंद्रा तरी."

मी समजत होते की कुणीच बघितलं नाही. त्या सगळ्यांनी बघितलं होतं. सगळे थांबले होते, सगळ्यांनी फोन काढला होता, माझ्या आईकडे दयेनं बघितलं होतं. माणुसकी जागेवर होती. तिला जायला मीच चुकीचा रस्ता करून दिला होता. माझा कोड इतका नीट विणलेला होता आणि त्या चौकोनाचा अर्थ काय हे लोकांनी माझ्या कितीतरी आधी ठरवून टाकलं होतं. बाजूला दोन अक्षरं असती तर पहिल्याच माणसानं, कसलाही फोन न रोखता, सरळ नंबर लावला असता.

"अन् त्या काय करायच्या, म्हाईत हाय का?" पेरूवाली म्हणाली. "पैसा पडला की उचलून त्या मानसाच्या मागं जायाच्या. कानडीत वरडायच्या. रोक्क बिद्दैति नोड्री, रोक्क बिद्दैति नोड्री."

तुमचे पैसे पडलेत बघा. अव्वाला भीक मिळते आहे हे तिला कळलंच नव्हतं. लोकांच्या खिशातून पैसे पडतायत असं वाटून ती एकेकाला हाका मारत होती, आणि लोक घाईत होते, मागे वळून 'राहू दे, आजी' म्हणत होते. शेवटी उठून उठून दमली तेव्हा तिनं ती नाणी पदराला बांधून ठेवायला सुरुवात केली. परत द्यायची म्हणून.

"मला संशय आला," पेरूवाली म्हणाली. "एवढी सोवळी बाई भीक कशाला मागंल? कुनीतरी बशीवलं असनार. म्हनलं, फोटू काडून पोलिसाला द्यावा. क्यामेरा धरला तर खाली कायतरी आलं, दाबलं, तर ह्यांचाच फोटू अन् तुमचा नंबर. बारीक अक्षर मला कुटं वाचाय येतंय चष्म्याबिगर. म्हनलं, हीच ती बया."

फोनच्या साध्या कॅमेऱ्यानं धरलं की पान उघडत होतं. मी घरी शंभर वेळा तसंच तपासलं होतं. पैशाच्या ॲपनं एकदाही तपासलं नव्हतं, कारण माझ्या मनात पैसे नव्हते. दुसऱ्याच्या मनात काय असेल हे बघायचं मला सुचलंच नाही. पेरूवालीचा फोन माझ्यावरच्या संशयानं आला, माझ्या हुशारीनं नाही. मी तिचे हात धरले. ती गोंधळली होती. "माफी करा वो ताई, लई वंगाळ बोलले," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि मला ते ऐकवत नव्हतं.

नंतर मी टॉवेल पुन्हा विणून घेतले. आता त्यावर आधी मराठीत आणि मग कानडीत बोटभर उंचीची अक्षरं आहेत: 'मला घरी जायचंय. या नंबरवर माझ्या मुलीला सांगा.' पुढे नंबर. कोड आहे, पण कोपऱ्यात, आणि त्याच्या खालीही लिहिलंय की हा पैशासाठी नाही. मालकांनी एका शब्दानं टोमणा मारला नाही. अक्षरं केवढी घ्यायची तेवढंच विचारलं. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना आता कळलंय. लिफ्टमध्ये लोक टॉवेल वाचतात आणि अव्वाशी जरा हळू बोलतात. मला ज्याची एवढी भीती होती ते एवढंच होतं. जुने बारा टॉवेल मी कात्रीनं कातरले.

पण अजून माझ्या डोळ्यापुढून जात नाही तो बाक.

पेरूवालीनं बोट दाखवलं तिकडे मी धावत गेले. प्लॅटफॉर्मवर तेव्हा कुणी नव्हतं. अव्वा ताठ बसली होती, केस नीट, पदर नीट, पदराच्या टोकाला नाण्यांची गाठ. तिचं ऊन लागून लाल झालेलं तोंड बघून माझ्या तोंडून 'अव्वा' एवढंच निघालं. स्टेशन शोधायला उघडलेला फोन अजून माझ्या हातात तसाच होता.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. ओळखीचं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं, आणि मला वाटलं, ओळखलं हिनं मला.

तिनं मांडीवरचा टॉवेल दोन्ही हातांनी ओढून सरळ केला. मधली सुरकुती तळहातानं पुसली. बोटं चौकोनावर येऊ नयेत म्हणून हात बाजूला घेतले, आणि बाकीच्यांसारखा मीही फोन रोखून माझं काम उरकावं म्हणून ती शांतपणे, न हलता बसून राहिली.